शनिवार-रविवारचं स्काऊट-गाईड शिबिर : पालक आणि मुलं वारंवार विचारतात ते प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की आमच्या पथकाच्या हिवाळी शिबिराची चौकशी सुरू होते. शाळेच्या फाटकात, फोनवर, मुलांच्या डायरीत चिठ्ठी घालून, जमेल तसे प्रश्न येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही पालकांचे आहेत, काही मुलांचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिबिर म्हणजे सहलच ना? दोन दिवस फिरून येणार?

सहल नव्हे. सहलीत मोठी माणसं सगळी तयारी करतात आणि मुलं गाडीतून उतरतात. इथे तंबू मुलं उभारतात, चूल मुलं पेटवतात, भात मुलं शिजवतात आणि रविवारी जागा झाडून मुलंच निघतात. मोठ्यांचं काम जवळ उभं राहायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि हात शक्यतो मागे बांधायचे. खाली बऱ्याच ठिकाणी "आम्ही मुलांना करू देतो" असं वाचायला मिळेल, त्याचं कारण हेच.

शनिवारची सकाळची शाळा सुटली, घरी जेवण झालं की दुपारी एकला निघायचं. मुक्काम एका रात्रीचा. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत शाळेत परत. जागा कोल्हापूरजवळच्या पन्हाळा-ज्योतिबाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, एका शेतकऱ्याच्या मळ्यात. तिथे विहीर आहे, पक्कं संडास आहे आणि तंबूपर्यंत गाडी जाते. गाडी पोहोचत नाही अशा ठिकाणी आम्ही मुलांना रात्री ठेवत नाही.

२. माझी मुलगी तिसरीत आहे. तिला पाठवता येईल का?

रात्रीच्या मुक्कामाला नाही. दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं-मुली स्काऊट आणि गाईड होतात. त्याहून लहान मुलगे कब आणि मुली बुलबुल. कब-बुलबुलांना शिबिराच्या रविवारी सकाळी आणतो, ती खेळतात, गाठी शिकतात, जेवतात आणि दुपारी घरी जातात. थोरला भाऊ शिबिरात आहे म्हणून धाकटीलाही रात्री राहू द्या, अशी विनंती दरवर्षी येते. ती मान्य करता येत नाही.

३. माझ्या मुलाला त्याच्या जिवलग मित्राच्याच तंबूत ठेवाल का?

बहुतेक वेळा नाही. मुलं सहा ते आठ जणांच्या संघात राहतात आणि संघ शिबिराच्या महिनाभर आधी ठरलेले असतात. संघनायक त्यांच्यातलाच, सहसा आठवी-नववीतला. पाणी कोण आणणार, कांदा कोण चिरणार, पहाटे कोण उठवणार, हे तो ठरवतो.

ही पद्धत स्काऊटिंगच्या जन्मापासूनची आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यात मोठ्या घरांतली मुलं होती तशी कामगारांच्या घरांतलीही होती. त्यांनी ती मिसळून चार संघ केले आणि प्रत्येकाला एक मुलगाच नायक दिला. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था एकत्र उभी राहिली, तिनेही हीच पद्धत ठेवली. शहरातल्या राजारामपुरीतला मुलगा आणि करवीर तालुक्यातल्या वाडीतून सायकलने शाळेत येणारा मुलगा एकाच चुलीवर भात शिजवतात, तेव्हा त्या पद्धतीचं मोल कळतं. जिवलग मित्र शाळेत रोज भेटतोच.

अपवाद एकच. एखाद्या मुलाला ओळखीच्या माणसाशिवाय खरोखर त्रास होत असेल, उदाहरणार्थ नुकतंच घरात कुणी गेलं असेल, तर आधी येऊन सांगा. मग संघात बदल करतो आणि त्याचं कारण कुणाला कळू देत नाही.

४. हिवाळ्यातच का? पावसाळ्यात डोंगर किती हिरवा असतो!

हिरवा असतो, आणि निसरडाही. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. त्या दिवसांत पंचगंगेचं पाणी कधी रस्त्यावर येईल हे सांगता येत नाही, आणि परतीची वाट बंद होऊ शकते अशा ठिकाणी शंभरेक पालकांची मुलं घेऊन जाणं आम्हाला पटत नाही. पावसाळ्यात दिवसाची पदभ्रमंती होते, मुक्काम होत नाही.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा आमचा काळ. त्यातही दोन गोष्टी बघून तारीख ठरते. गळीत हंगाम सुरू असतो, म्हणून उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर अंधार पडल्यानंतर गाडी काढत नाही. परतीची वेळ संध्याकाळी पाच आहे ती त्यामुळेच. आणि माघ पौर्णिमेनंतर ज्योतिबाचे रविवारचे खेटे सुरू होतात, डोंगराच्या वाटा भाविकांनी भरून जातात, तेव्हा ते रविवार वगळतो.

५. मग तंबू थेट पन्हाळगडावरच का लावत नाही? नाहीतर दाजीपूरच्या जंगलात?

मुलांचा सगळ्यात लाडका प्रश्न. गडावर गाव आहे, हॉटेलं आहेत, तिथे छताखाली मुक्काम करता येतो. पण तटबंदी, अंबरखाना, सज्जा कोठी, तीन दरवाजा या संरक्षित वास्तू आहेत. २०२५ मध्ये महाराजांच्या काळातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. अशा वास्तूंच्या आवारात मेख ठोकायची नाही आणि चूलही मांडायची नाही. शेकोटीचा काळा डाग दगडावरून जात नाही.

दाजीपूर, म्हणजे राधानगरी अभयारण्य, राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य. गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलं गेलं. तिथे वन विभागाच्या परवानगीने, त्यांनी दिलेल्या वेळेत, त्यांच्या वाटेनेच जायचं असतं. उघड्यावर तंबू आणि शेकोटी यांचा तिथे विचारही नको. तिथे आम्ही दिवसाची निसर्गफेरी काढतो.

पन्हाळा सुटत मात्र नाही. रविवारी सकाळी पायथ्यापासून चालत गडावर जातो. नेबापुरात शिवा काशिदांचं स्मारक आहे, तिथे थांबतो. १६६० च्या आषाढातली ती रात्र पाठ्यपुस्तकात चार ओळींत संपते. ज्या मुलाने त्या उतारावर स्वतःची सॅक घेऊन पाय रोवले आहेत, त्याला ती चार ओळींत मावत नाही.

६. सामान काय द्यायचं? यादी देता का?

यादी संमतीपत्रासोबत येते. इथे फक्त ज्या गोष्टींवर दरवर्षी गोंधळ होतो त्या सांगतो.

थंडी. डिसेंबर-जानेवारीत माळावर पहाटे पारा पंधरा अंशांच्या खाली उतरू शकतो आणि दव पडतं. पालक जाड ब्लँकेट देतात आणि खाली अंथरायला पातळ चादर. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, त्यावर घरातली जुनी गोधडी किंवा घोंगडं. वर एक ब्लँकेट पुरतं. कानटोपी आणि पायमोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा.

सॅक मुलाने स्वतः भरली पाहिजे. आईने घडी घालून भरलेल्या पिशवीतून मुलाला अंधारात बॅटरी सापडत नाही. तुम्ही यादी वाचा, त्याने वस्तू ठेवाव्यात. भरलेली सॅक पाठीवर घेऊन त्याला जिना चढून-उतरून येऊ द्या. जमलं नाही तर वजन जास्त झालं आहे.

ताट, वाटी, पेला स्टीलचे द्या, प्लॅस्टिकचे नकोत. प्रत्येक वस्तूवर नाव. कपड्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलं तरी चालतं. गणवेशाचा स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं) विसरू नका. स्कार्फ शोभेचा नाही, त्रिकोणी बँडेज म्हणून हात गळ्यात अडकवायला तोच लागतो. सोनं, चांदीची साखळी, महाग घड्याळ घरी ठेवा. चिवड्याचे आणि भडंगाचे डबे संघात वाटून खाल्ले जातात, हे मुलाला आधी सांगा. एकट्यासाठी लपवलेल्या खाऊला रात्री मुंग्या लागतात आणि मग अख्खा तंबू जागा होतो.

७. शिबिरासाठी नवीन बूट घेऊ का?

नको. नव्या बुटाने दोन तासांत फोड येतो. शाळेचे, पायाला बसलेले, मागून बंद असलेले बूट द्या. तंबूत वावरायला एक साधी चप्पल हवी. कोल्हापुरी पायताण दवात भिजलं की वाया जातं, ते घरी ठेवा. नवे घ्यायचेच असतील तर महिनाभर आधी घ्या आणि रोज वापरू द्या.

८. मोबाइल देऊ का? निदान इमर्जन्सीला?

मुलाकडे नको. शिबिरप्रमुख आणि गाईडर (मुलींच्या पथकाच्या प्रमुख) यांचे क्रमांक संमतीपत्रावर असतात आणि ते फोन रात्रभर चालू असतात. शनिवारी मुक्कामी पोहोचल्यावर आणि रात्री दिवे मालवल्यावर, असे दोन निरोप सगळ्या पालकांना जातात. निरोप आला नाही तर काळजी करत बसू नका, सरळ फोन करा. डोंगराच्या आडोशाला कधी रेंज जाते, म्हणून मळ्याच्या मालकांचाही क्रमांक दिलेला असतो.

मुलांसाठी : फोटो काढायचे असतात हे मान्य आहे. संघाला एक कॅमेरा मिळतो आणि फोटो नंतर सगळ्यांना मिळतात. ज्यांचे पालक संमतीपत्रात "फोटो नको" असं लिहितात, त्यांचे फोटो आम्ही कुठेही टाकत नाही.

९. जेवण कोण बनवणार? आमच्या मुलाला चहासुद्धा करता येत नाही.

तोच बनवणार, आणि त्याच्या संघातली बाकीची मुलं. म्हणून शिबिराच्या आधीच्या तीन आठवड्यांत घरी तीन गोष्टी करून घ्या : तांदूळ निवडून धुणं, कांदा चिरणं आणि काडीपेटीने काडी पेटवणं. तिसरी गोष्ट ऐकून पालक दचकतात. आजकाल घरात लायटर असतो, दहा-अकरा वर्षांच्या कित्येक मुलांनी काडी ओढलेलीच नसते. तुमच्या समोर, ओट्यावर, शांतपणे शिकलेली बरी.

शनिवारी रात्री मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात, रविवारी सकाळी पोहे, दुपारी प्रश्न १० मधला बेत. शिबिर शाकाहारी असतं. तांबडा-पांढरा घरी गेल्यावर. कांदा-लसूण चटणी प्रत्येक घरची वेगळी असते, छोटी डबी दिलीत तर संघ खूश होतो.

भात करपतो. कधी कच्चा राहतो. उपाशी कुणी झोपत नाही, कारण मोठ्यांच्या चुलीवर एक जास्तीचं पातेलं शिजत असतंच. पण ते आम्ही लगेच पुढे करत नाही. आधी संघाने आपला भात कसा सावरायचा यावर डोकं लावायचं. पाण्याचा हबका मारून, झाकण घालून, निखारे बाजूला ओढून मुलं भात वाचवतात, आणि तो भात ती चाटूनपुसून खातात.

१०. बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणजे काय?

पातेलं, तवा, कढई काहीही न वापरता केलेला स्वयंपाक. रविवारी गडावरून उतरल्यावर प्रत्येक संघ तो करतो. वांगी, कांदे आणि रताळी निखाऱ्यात पुरायची, सालं काढून केळीच्या पानावर ठेचायची, मीठ-मिरची घालायची, भरीत तयार. कणकेचा गोळा चपटा करून दोन पानांमध्ये धरून शेणीच्या आरावर ठेवला की पानगा होतो. कणीक हिरव्या काठीला गुंडाळून आचेवर फिरवतात, तो प्रकार मुलांना सर्वांत आवडतो. काठी कोणत्या झाडाची घ्यायची हे मळ्याचे मालक दाखवतात. कण्हेर आणि रुई यांची काठी किंवा पान अन्नाला कधीच लावायचं नाही, ती झाडं विषारी आहेत. हे मुलांकडून तोंडपाठ करून घेतो.

११. आम्ही जैन आहोत. सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमुळं नाहीत. मुलाला पाठवणं शक्य आहे का?

शक्य आहे. आपल्या जिल्ह्यात अशी घरं बरीच आहेत आणि दर शिबिरात अशी मुलं असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ज्या संघात असं मूल आहे तो संघ चारलाच चूल पेटवतो आणि साडेपाचपर्यंत सगळेच जेवतात. एकट्याला वेगळं बसवून जेवायला घालत नाही. खिचडीत कांदा-बटाटा घालत नाही, ज्यांना हवा ते वरून घेतात. रविवारी त्या संघाच्या निखाऱ्यात रताळ्याऐवजी मक्याची कणसं, वांगी आणि टोमॅटो जातात. संमतीपत्रातल्या आहाराच्या रकान्यात स्पष्ट लिहा. उपवास आणि ॲलर्जीही तिथेच लिहायची. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ती फोन करूनही सांगा, कारण आपल्या स्वयंपाकात कूट कुठेही असतं.

१२. पाणी आणि संडास?

पिण्याचं पाणी शहरातून कॅनमध्ये जातं. कमी पडलं तर विहिरीचं पाणी गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू देऊन, गार करून वापरतो. संडास मळ्यातलं पक्कं, मुलींचं आणि मुलांचं वेगळं. रात्री जाताना एकटं जायचं नाही. संघातल्या एकाला उठवायचं आणि त्याने कुरकुर करायची नाही, हा नियम आहे.

१३. साप-विंचवाचं काय? ही भीती मनातून जात नाही.

ही भीती रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप आढळतात. त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नसतं, उंदीर आणि आडोसा हवा असतो. म्हणून तंबू उभ्या उसापासून, दगडांच्या ढिगापासून आणि गवताच्या गंजीपासून लांब, मोकळ्या जागेत लावतो. खरकटं उघड्यावर ठेवत नाही. तंबूच्या कडा आत दुमडून त्यावर सामान ठेवलं जातं. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. दगड किंवा लाकूड उचलताना आधी लाठीने हलवायचं.

यांत मण्यार वेगळा. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा चावा फारसा दुखत नाही. कधी खूणही दिसत नाही. त्यामुळे मध्यरात्री किंवा पहाटे एखादं मूल पोटात दुखतंय म्हणालं, त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर "अपचन झालं असेल" म्हणून थांबायचं नाही. थेट रुग्णालय. आमच्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे माहीत असतं.

साप चावलाच तर मुलाला आडवं करून धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, बूट-घड्याळ-अंगठी काढायची आणि निघायचं. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, रक्त चोखायचं नाही, साप मारत बसायचं नाही. १०८ ला फोन जातो आणि त्याच वेळी आपली गाडीही तयार असते. ती रात्रभर मुक्कामी उभी असते आणि चालक तिथेच झोपतो. प्रतिसर्पविष कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात मिळतं. वाटेतल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ते उपलब्ध आहे याची चौकशी आम्ही शिबिराच्या आठवड्यात करतो. मांत्रिकाकडे नेण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून पुढे जायचं.

विंचवाचा दंश भयंकर दुखतो. लाल विंचू लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करू शकतो, म्हणून तिथेही वाट बघायची नाही. यावरच्या प्राझोसिन या औषधाच्या उपचाराचा पाया आपल्या महाराष्ट्रातच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी घातला. वेळेत नेलेलं मूल आज सहसा वाचतं.

१४. गवा किंवा बिबट्या आला तर?

पन्हाळा आणि राधानगरी या दोन्ही भागांत गवे रानातून शेतात उतरतात. पूर्ण वाढलेला नर एक टनापर्यंत भरतो आणि दिसतो त्यापेक्षा खूप वेगाने धावतो. नियम सोपे आहेत : ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, बॅटरी डोळ्यांवर मारायची नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही. सगळ्यांनी हळू मागे सरून गाडीजवळ जमायचं. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. शिबिराच्या आदल्या दिवशी वनरक्षकांना आणि गावच्या पोलीस पाटलांना भेटून आजूबाजूला काय दिसलं आहे ते विचारतो. त्यांनी "या आठवड्यात नको" म्हटलं तर शिबिर पुढे जातं. तिथे वाद घालत नाही.

बिबट्या माणसांचा गलका आणि उजेड टाळतो. वाकलेलं किंवा एकटं लहान मूल अंधारात जाऊ नये, हीच खबरदारी महत्त्वाची. ती प्रश्न १२ मध्ये आली आहे.

१५. गडावर मधमाश्या उठतात असं ऐकलंय.

खरं आहे. कडेकपारीला आणि जुन्या वास्तूंना आग्या मोहोळं असतात. धूर, दगड आणि उग्र वास यांनी ती उठतात. म्हणून गडफेरीच्या दिवशी अत्तर आणि स्प्रे मारायचा नाही, आरोळ्या ठोकायच्या नाहीत. माश्या उठल्या तर लोळण घ्यायची नाही आणि हातवारे करायचे नाहीत. स्कार्फने तोंड झाकून, आल्या वाटेने शक्य तितकं लांब पळायचं किंवा बंद खोलीत शिरायचं.

१६. शेकोटीला कितपत मोठी आग करता? शेजारी ऊस असतो ना?

आग गुडघ्याएवढी, त्याहून मोठी नाही. ऊसतोड झालेल्या रानात वाळलेला पाला पसरलेला असतो आणि तो एका ठिणगीने पेटतो. त्यामुळे शेकोटीची जागा नांगरलेल्या किंवा सारवलेल्या जमिनीवर, पाल्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. भोवती माती उकरून पट्टा केलेला असतो आणि पाण्याच्या चार बादल्या भरून ठेवलेल्या असतात. लाकूड विकत आणतो, ओलं झाड तोडत नाही. राखीव वनात आग पेटवणं हा तर १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे.

शेकोटीच्या कार्यक्रमाला लाउडस्पीकर नसतो. गाणी, आरोळ्या, संघांच्या नकला, एखादा पोवाडा. साडेनऊला प्रार्थना होते, दहाला दिवे बंद. निखाऱ्यांवर पाणी ओतून, हाताची पाठ जवळ धरून धग राहिली नाही ना हे संघनायक तपासतो आणि त्यानंतर स्काऊटर (मुलग्यांच्या पथकाचे प्रमुख) पुन्हा तपासतात.

१७. मुलींसाठी वेगळी व्यवस्था असते का? पाळी आली तर?

गाईड मुलींचे तंबू वेगळ्या बाजूला, मध्ये गाईडरांचा तंबू. किमान दोन महिला गाईडर मुक्कामी असल्याशिवाय मुलींचं शिबिर होत नाही. एकीला ऐनवेळी जमलं नाही आणि पर्यायी व्यवस्था झाली नाही तर आम्ही शिबिर रद्द करतो. मुलगा असो वा मुलगी, कुठलीही मोठी व्यक्ती एका मुलासोबत बंद तंबूत एकटी थांबत नाही. हा नियम मोठ्यांसाठी आहे आणि तो मुलांनाही सांगून ठेवलेला असतो.

पॅड, जास्तीचे कपडे, कागदी पिशव्या आणि गरम पाण्याची पिशवी गाईडरांकडे असते. पहिल्यांदाच पाळी शिबिरात आली असंही होतं. गाईडर शांतपणे सांभाळतात आणि आईला फोन करतात. पाळी आहे म्हणून चुलीजवळ येऊ नको, ध्वजाला हात लावू नको, असं आमच्या शिबिरात कुणी म्हणत नाही.

१८. मुलगा अजून कधीकधी अंथरूण ओलं करतो. त्याला नको पाठवू का?

पाठवा. हा प्रश्न खूप जण विचारतात आणि नेहमी दबक्या आवाजात. आम्हाला फक्त खासगीत कळवा. जेवणानंतर पाणी कमी, झोपण्यापूर्वी एक फेरी, रात्री एकच्या सुमारास स्काऊटर आणखी दोघा-तिघांसोबत त्यालाही उठवतात, म्हणजे तो एकटा वेगळा दिसत नाही. सॅकमध्ये एक जास्तीचा जोड आणि प्लॅस्टिकची पिशवी द्या. ओलं झालंच तर पहाटे सगळे उठायच्या आत अंथरूण बदललेलं असतं.

१९. दमा, फिट, मधुमेह असलेल्या मुलांचं काय?

डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधं, नाव आणि वेळ लिहून, गाडी सुटण्याआधी हातात द्या. सॅकेत घालून पाठवू नका. दम्याचा पंप मात्र मुलाच्या खिशातच हवा, आणि दुसरा आमच्याकडे. धुराचा त्रास असलेल्या मुलाला चुलीऐवजी चिरण्याचं, पाण्याचं किंवा वाढपाचं काम मिळतं आणि शेकोटीत वाऱ्याच्या वरच्या बाजूला जागा.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत पालकांशी आधी बसून बोलतो. चालणं जास्त होतं, जेवणाची वेळ पुढे-मागे होते, साखर उतरू शकते. अशा मुलाचा संघ वेळेवर जेवतो आणि त्याच्या खिशात ग्लुकोज असतं. गेल्या काही महिन्यांत फिट आली असेल तर या वर्षी दिवसाच्या कार्यक्रमालाच पाठवा, ही आमची विनंती.

२०. रात्री रडायला लागला तर? घेऊन जायला येऊ का?

पहिल्या रात्री काही मुलं रडतात. बहुतेकदा दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासात. त्याला बाहेर आणून मोठ्यांच्या शेकोटीपाशी बसवतो, गरम दूध देतो, उद्या सकाळी त्याच्याकडे कोणतं काम आहे ते सांगतो. झेंड्याची दोरी बांधण्याचं काम अशा मुलांसाठी मुद्दाम राखून ठेवलेलं असतं. बहुतेक मुलं मग झोपतात.

लगेच फोन जोडून देत नाही. आईचा आवाज ऐकला की रडू थांबत नाही, वाढतं. पण तासाभराने फरक पडला नाही, किंवा मूल घाबरलेलं वाटलं, तर मध्यरात्र असली तरी तुम्हाला फोन येईल आणि मग काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. परत नेलेलं मूल पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतं. त्याला कुणी चिडवणार नाही याची जबाबदारी संघनायकाची.

२१. रविवारी सकाळी गडावर जाताना आम्ही सहज डोकावलो तर?

कृपया नको. तुम्ही आलात की तुमचं मूल खूश होतं आणि बाकीची मुलं रस्त्याकडे बघायला लागतात. शिवाय आई दिसली की हातातला डाव आईकडे जातो. रविवारी दुपारी तीनला मळ्यावरच समारोप असतो, त्याला जरूर या. संघांनी लॅशिंग करून, म्हणजे काठ्या दोरीने घट्ट जखडून, बांधलेली मांडणी, भांड्यांचं स्टँड, चपलांचा रॅक तेव्हा उभा असतो आणि प्रत्येक मूल आपण कोणती गाठ मारली ते दाखवायला उत्सुक असतं.

२२. वर्गणी परवडत नाही.

मुख्याध्यापकांना किंवा पथकाच्या स्काऊटरांना एकदा सांगा, एवढं पुरे. मुलं वर्षभर खरी कमाईच्या, म्हणजे छोटी कामं करून पैसे मिळवण्याच्या, उपक्रमातून पैसे जमवतात, त्यातला वाटा यासाठीच राखलेला आहे. कोणत्या मुलाची वर्गणी कुठून आली हे संघाला कळत नाही.

२३. याचे दहावीला गुण मिळतात का?

या दोन दिवसांचे नाहीत. गाठी, लॅशिंग, प्रथमोपचार, कंपास, उघड्यावरचा स्वयंपाक या गोष्टी सोपानांच्या, म्हणजे स्काऊट-गाईडच्या पायऱ्यांच्या, परीक्षेला लागतात. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असा तो रस्ता आहे आणि तो काही वर्षांचा आहे. फक्त प्रमाणपत्रासाठी पाठवणार असाल तर मुलाला आधी विचारा की त्याला यायचं आहे का.

२४. ऐनवेळी अवकाळी पाऊस आला तर?

शुक्रवारी संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघून निर्णय होतो. विजांचा इशारा असेल तर शिबिर पुढे ढकलतो. तिथे गेल्यावर पाऊस आला तर मुलं मळ्यातल्या पक्क्या शेडमध्ये झोपतात. विजा चमकत असताना झाडाखाली किंवा तंबूत थांबायचं नाही, शेड किंवा गाडी गाठायची.

२५. नदीत किंवा विहिरीत पोहायला नेता का?

नाही. पोहता येणाऱ्यांनाही नाही. विहिरीच्या कठड्यापाशी फक्त मोठे जातात, पाणी तेच काढून देतात.

२६. माझ्या मुलीला नीट चालता येत नाही. तिला शिबिरात जागा आहे का?

आहे. संघात काम वाटताना चालणं हे एकच काम नसतं. स्वयंपाक, नकाशा वाचणं, संघाची वही, गाठी, शेकोटीचं सूत्रसंचालन, हे सगळं तिचं होऊ शकतं. गडावर ती गाडीने येते, तिचा संघ चालत, आणि तीन दरवाजापाशी सगळे भेटतात. आधी एकदा तिला घेऊन मळा बघायला या. संडासापर्यंतची वाट, तंबूची जागा, झोपायला खाट लागेल का, हे तिनेच सांगितलेलं बरं.

२७. संमतीपत्रावर आजोबांची सही चालेल का? आणि रविवारी मामा न्यायला आले तर?

सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची लागते. पालक परगावी असतील तर त्यांनी सही केलेल्या पत्राचा फोटो पाठवावा आणि शनिवारी निघण्याआधी एकदा फोनवर बोलावं. न्यायला मामा, आजोबा, शेजारी कुणीही येऊ शकतात, पण त्यांचं नाव पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेलं हवं. नाव नसेल तर मूल ओळखत असलं तरी आम्ही तुम्हाला फोन लावू, तुमच्याशी बोलू आणि मगच त्याला सोडू. त्यात पाच मिनिटं जातात, तेवढं समजून घ्या. सहीचं पत्र शिबिराच्या आधीच्या बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या. शनिवारी गाडीच्या दारात दिलेलं पत्र घेत नाही, कारण आहार, औषधं आणि संघ यांची तयारी त्यावरूनच होते.